हटवलेला बैल आणि पंधरा टक्के

ब्राझीलच्या साओ पाउलोत फिरताना बराच वेळ काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. मग लक्षात येतं, होर्डिंग नाहीत! वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणारा एकही नेता नाही, फ्लॅट विकणारा एकही नट नाही. २००७ पासून इथे ‘स्वच्छ शहर’ कायदा लागू आहे आणि उघड्यावरच्या जाहिरातींवर बंदी आहे. शेअरबाजाराबद्दल लिहिताना हे आधी सांगायचं कारण, बाजारासमोरच्या बैलाची वाट याच कायद्याने लावली.

बाजार जुन्या शहरात आहे. साओ बेंतो मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की थोडंसं चालायचं. रस्त्याचं नाव ‘१५ नोव्हेंबर’. १८८९ साली त्या तारखेला ब्राझीलमधली राजेशाही संपली. रस्ता फक्त पादचाऱ्यांचा. दोन्ही बाजूंना जुन्या बँकांच्या भारदस्त इमारती, खाली मोबाइलची कव्हरं विकणारे, आणि पायऱ्यांवर पुठ्ठा अंथरून झोपलेली माणसं. मोठा पैसा आधी पाउलिस्ता अव्हेन्यूवर गेला, तिथून पुढे फारिया लिमा भागात. सुटाबुटातले लोक आता तिकडे दिसतात. बाजाराचं मुख्यालय मात्र इथेच राहिलं.

या बाजाराचा वारसा १८९० पर्यंत मागे जातो. जगाला तो बोव्हेस्पा म्हणून माहीत होता. २०१७ मध्ये शेअर, वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) आणि रोखे नोंदणी अशा तिन्ही गोष्टी एका छपराखाली येऊन ‘बी-थ्री’ ही कंपनी झाली. हातवारे करून ओरडत सौदे करण्याची पद्धत शेअरमध्ये २००५ ला संपली, वायद्यांमध्ये २००९ ला. मुंबईत संगणक १९९५ मध्येच आले होते, म्हणजे इथला आरडाओरडा आपल्यापेक्षा बराच जास्त टिकला. आता आत संग्रहालय आहे. मला ते ठीकठाक वाटलं. बाजार बघायला यावं आणि भिंतीवर आकडे सरकताना बघावे, यात फारसा राम नाही. बाहेरचा रस्ता जास्त बोलका आहे.

तर बैल. नोव्हेंबर २०२१ मध्ये या इमारतीसमोर एक भलामोठा सोनेरी बैल, म्हणजे बाजारातल्या तेजीचं प्रतीक, उभा राहिला, न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळच्या बैलाची उघड नक्कल. कोरोनाने देश पिचला होता, महागाई दहा टक्क्यांच्या वर गेली होती, आणि लोक रांगेत उभं राहून हाडं घेत असल्याच्या बातम्या नुकत्याच येऊन गेल्या होत्या. बैलाच्या अंगावर लगेच ‘भूक’ लिहिलेली पत्रकं चिकटली. शेवटी महापालिकेच्या समितीने निकाल दिला की याला परवानगी नव्हती आणि ही जाहिरातच आहे. आठवड्याभरात बैल उचलला गेला. दलाल स्ट्रीटवरचा आपला बैल २००८ पासून निवांत उभा आहे, त्याला कोणी परवाना विचारल्याचं ऐकलं नाही.

मला गंमत वाटते ती वेगळीच. खरा बैल याच बाजारात रोज विकला जातो. ‘बॉई गोर्दू’, म्हणजे कत्तलीला तयार असलेल्या गुराचा वायदा, ३३० अरोबांचा एक करार, अरोबा म्हणजे पंधरा किलो. आणि ब्राझीलच्या कुरणांत बहुसंख्येने दिसणारं पांढरं, वशिंड असलेलं गुरू नेलोर जातीचं. हे नाव आपल्या आंध्रातल्या नेल्लोरचं, जनावर ओंगोल वंशाचं. बैल आपल्याकडून गेला आणि पुतळा मात्र न्यूयॉर्कचा!

पण या देशाचा व्यापार समजून घ्यायचा तर बैल आणि निर्देशांक दोन्ही सोडून व्याजदर बघावा लागतो. मी गेलो तेव्हा मध्यवर्ती बँकेचा ‘सेलिक’ दर १५ टक्के होता आणि महागाई पाचच्या आसपास. सरकारी रोखे घेऊन स्वस्थ बसलं तरी महागाई वजा जाता दहा टक्के मिळत असतील तर शेअरच्या भानगडीत पडणार कोण? २०२१ मध्ये इथे चाळीसहून अधिक कंपन्यांचे आयपीओ, म्हणजे पहिल्या जाहीर शेअरविक्री, आले. त्यानंतर २०२२, २०२३, २०२४ या तीन वर्षांत एकही नाही. त्याच काळात आपल्याकडे दर आठवड्याला नवा अर्ज आणि ग्रे मार्केटच्या (नोंदणीआधीच्या अनधिकृत सौद्यांच्या) गप्पा चालू होत्या. नूबँक ही ब्राझीलची सगळ्यात गाजलेली नवी बँक, तिनेही मुख्य नोंदणीसाठी न्यूयॉर्क गाठलं.

दुकानांच्या काचेत हेच अर्थशास्त्र टांगलेलं असतं. बुटांच्या किमतीपेक्षा हप्त्याची रक्कम मोठ्या अक्षरात: दहा हप्ते, बिनव्याजी. बिनव्याजी कसलं, व्याज किमतीत मुरलेलंच असतं. रोख देणाऱ्याला बऱ्याचदा सूट मिळते, विचारायची लाज बाळगू नये. उलट ‘पिक्स’ पाहून आपल्या यूपीआयची आठवण येते. मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये ते आणलं आणि आठवडी बाजारात उसाचा रस विकणाराही क्यूआर कोड पुढे करतो. रस तिथे तळलेल्या ‘पास्तेल’बरोबर पितात. मी दोन्ही चापले.

मी ज्यांच्या घरी खोली घेतली होती ते निवृत्त बँक कर्मचारी. त्यांनी संध्याकाळी एका डब्यातून नोटा काढून दाखवल्या. क्रुझादो, क्रुझादो नोव्हो, क्रुझेइरो, क्रुझेइरो रेआल. १९८६ ते १९९४ या आठ वर्षांत इतकी चलनं झाली आणि मग जुलै १९९४ मध्ये सध्याचा रेआल आला. त्याआधी पगार हातात पडला की त्याच दिवशी महिन्याचं सामान भरायचं, कारण दुकानातले पोरगे लेबलं बदलत फिरत असत. मार्च १९९० मध्ये तर राष्ट्राध्यक्ष कोलोर यांच्या सरकारने ५० हजार क्रुझादो नोव्होवरच्या ठेवी दीड वर्षासाठी गोठवल्या. “मी काउंटरच्या आत होतो,” ते म्हणाले, “आणि बाहेर माझीच सासू रांगेत होती.”

मुलगा शेअर घेतो, ते घेत नाहीत. त्यांचं सगळं सरकारी रोख्यांत, तेही महागाईशी बांधलेल्या. मला त्यांनी विचारलं, तुमच्याकडे बँक ठेवीवर किती देते? म्हटलं, साडेसहा, फार तर सात.

“आणि लोक ठेवतात?” त्यांनी विचारलं.

माझ्या वडिलांची सगळी पुंजी त्यातच आहे, असं मी सांगितलं. ते हसले आणि नोटा डब्यात भरू लागले.