पुढचं शून्य कुठे सांडलं?

बावीस वर्षं कॉलेजात बीजगणित शिकवलं. आधी प्रमेय, मग सिद्धता, शेवटी सिद्धता संपल्याची छोटीशी चौकट. शोधनिबंधातही तेच, फसलेल्या वाटा टोपलीत आणि उरलेलं तीन पानांत. निवृत्तीनंतर शाळाशाळांतून गणिताच्या गोष्टी सांगायला लागलो, तर पहिल्याच दिवशी सवयीनं म्हणून गेलो, "कुठलीही चार अंकी संख्या घ्या, ठरलेली वजाबाकी करत राहा, शेवटी 6174 च येणार." दहा मिनिटांत अर्धा वर्ग खिडकीबाहेर. खुनी कोण ते आधीच सांगितल्यावर कोण ऐकणार!

(प्राध्यापकानं गोष्टी सांगायच्या, याची लाजही वाटायची. आपले जयंत विष्णू नारळीकरसुद्धा पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवताना आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले होते, हे आठवून धीर घेतला.)

आता सुरुवात देवळालीपासून करतो. द. रा. कापरेकर, शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, पण संख्यांचं वेड जबर. 1949 साली त्यांनी एक खेळ मांडला. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. बस्स, पुढचं मी सांगत नाही.

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीनं 1112 घेतली. 2111 वजा 1112, आले 999. मग 999 वजा 999. शून्य!

"सर, तुमचे मास्तर चुकले."

वर्ग खो खो हसला. पूर्वी मी झटकन दुरुस्त करून मोकळा झालो असतो. आता खडू तिच्याच हातात दिला. "निघताना चार अंक होते ना गं? चौथा कुठे सांडला?"

ती फळ्याकडे बघत राहिली. मागच्या बाकावरून आवाज आला, "अगं, पुढं शून्य लाव की!"

0999. मग 9990 वजा 0999, म्हणजे 8991. पुढे 8082, 8532 आणि 6174. शेजारचा मुलगा 3524 वरून निघून तीनच पायऱ्यांत तिथे पोचून बसला होता. "कॉपी केलीस!" दोघं एकदमच ओरडले.

मग तिनं विचारलं, "पाच अंकी घेतली तर?"

तिथे असा एकच आकडा हाती लागत नाही, संख्या गोल गोल फिरत राहतात. पण हे तिला सांगितलेलं नाही. गुरुवारी पुन्हा त्याच वर्गावर जायचंय.