बसलं की दुखणं वाढतं, ते का?

“कंबर दुखते म्हणून डोळे मिटून बसलो, तर दुखणं आणखीच जाणवायला लागलं. असं का?” सजगतेचा सराव, म्हणजे आत्ता शरीरात-मनात जे आहे ते शांतपणे पाहणं, शिकवताना हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर हमखास. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

तुमचं काही चुकलेलं नाही. दिवसभर वाकून वेचताना लक्ष बोंडावर आणि किलोवर असतं. कंबर ओरडत असते, पण ऐकायला कोणी मोकळं नसतं. बसलात की ऐकू येतं. पहिले आठ-दहा दिवस असेच जातात.

दुखण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक कमरेतली कळ, दुसरी तिच्यावर चढलेली चिंता: उद्या वावरात जाता येईल का, दवाखान्याला पैसे कुठून आणू? पाली त्रिपिटक या बौद्ध ग्रंथसंग्रहातल्या सल्लसुत्तात बुद्धांनी हेच दोन बाणांच्या उपमेने सांगितलं आहे. सराव मुख्यतः दुसऱ्या बाणावर काम करतो. जॉन काबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. 2011 च्या एका प्रयोगात चार दिवस, रोज 20 मिनिटं शिकलेल्या लोकांना पोटरीवर चटके दिले. सराव करताना तीव्रता सरासरी 40 टक्के कमी वाटली, पण त्रास 57 टक्के कमी वाटला. लोक निरोगी होते आणि जेमतेम 15, म्हणून हे आकडे तुमच्या कमरेला जसेच्या तसे लावू नका. तीव्रता आणि त्रास वेगवेगळे हलतात, एवढं मात्र त्यातून दिसतं.

आता करायचं कसं. पहाटे, कामाला निघण्याआधी दहा मिनिटं. मांडी घालायचा हट्ट नको. गुडघे झिजलेले असतील तर खुर्चीवर बसा, नाहीतर सतरंजीवर पाठ टेकून गुडघ्यांखाली उशी घ्या. सुरुवात दुखऱ्या जागेपासून करू नका. न दुखणारी जागा शोधा, तळहात किंवा तळपाय, आणि दोन मिनिटं तिथलाच स्पर्श, ऊब जाणवू द्या. ही तुमची परतायची जागा. मग दुखण्याच्या काठावर या, धुऱ्यावर उभं राहून वावर पाहावं तसं. ओढ आहे, ठणका आहे की जळजळ? कुठे संपते? एकसारखी आहे की कमीजास्त होते? तीन-चार श्वास, की परत तळहाताकडे. अशा चार-पाच फेऱ्या पुरे.

सर्वांत जास्त बिघडतं ते इथे: माणूस दुखणं घालवायलाच बसतो. दर मिनिटाला ‘गेलं का?’ असं तपासतो, जबडा आवळतो, श्वास धरतो. स्नायू ताठरले की कळ खरंच वाढते. न हलता सोसत राहणंही तसंच. हलावंसं वाटलं तर ती इच्छा ओळखा आणि सावकाश हला. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा.

मनाच्या दुखण्यालाही हीच पद्धत, पण डोळे उघडे ठेवून. पाऊस दडी मारतो, कर्जाचा हप्ता येतो, तेव्हा भीती शरीरात कुठे आहे ते पाहा: घशात, छातीत, पोटात? मनात म्हणा, ‘भीती आहे.’ ‘मी संपलो’ हा विचार आला तर ‘विचार आहे.’ जुना आघात उसळला, हातपाय गार पडले, तर सराव तिथेच थांबवा. पाय जमिनीवर रोवा, तोंडावर पाणी मारा, कोणाशी तरी बोला. मरणाचे विचार येत असतील तर एकटं बसूच नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि दिवसरात्र चालतो.

आणि फवारणीच्या दिवसांत विशेष जपा. फवारल्यावर घाम, मळमळ, लाळ, अंधुक दिसणं, धडधड ही घालमेल समजून श्वास पाहत बसू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, कमरेबरोबर पाय बधिर होऊन लघवीचा ताबा सुटला असेल, तरी आधी दवाखानाच.

दहा मिनिटं मिळत नाहीत असं बाया सांगतात, आणि ते खरं आहे. मग पात संपली की धुऱ्यावर उभ्या राहा, कमरेची ओटी सैल करा, तळपाय मातीवर जाणवू द्या, तीन श्वास घ्या, आणि पुढची पात धरा.