मॅपलटनचे दगड आणि लेकीची मुलाखत

शाळेच्या शेवटच्या वर्षात लेकीने जाहीर केलं, "आई, मी ऑक्सफर्डला भूगोलासाठी अर्ज करणार." माझा भूगोल 'भौगोलिक कारणे लिहा' इथेच संपलेला. त्याला मुलाखत कसली घेतात?

इथे ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. बहुतेक अभ्यासक्रमांना जानेवारीपर्यंत मुदत असते, पण ऑक्सफर्ड-केंब्रिजचं दार ऑक्टोबरच्या मध्यालाच बंद होतं. एका वर्षी त्या दोघांपैकी एकच निवडायचं.

मग परीक्षा. तिच्या वेळी टीएसए, म्हणजे विचारकौशल्याची चाचणी होती: 90 मिनिटं, 50 बहुपर्यायी प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही, चुकलं तर गुण कापत नाहीत. (हे स्वरूप बदलत असतं, तेव्हा त्या त्या वर्षीची माहिती विद्यापीठाच्या पानावरच बघा.) गंमत म्हणजे तिच्यात भूगोल नव्हताच! निम्मी आकडेमोड, निम्मे युक्तिवाद. 'बांध घातल्यावर गावातलं पुराचं नुकसान वाढलं, म्हणजे बांध निरुपयोगी' अशा धर्तीचं विधान द्यायचं आणि त्यातली खोट विचारायची. मी म्हटलं, बांध कच्चा असेल. लेक म्हणाली, "अगं, बांध झाला म्हणून निर्धास्त होऊन लोकांनी नदीकाठी आणखी घरं बांधली असतील. पूर कमी, पण बुडायला घरं जास्त." मी गप्प बसले. पाठांतर घेणारी आई इथे काही कामाची नव्हती.

मुलाखतीसाठी मात्र माझा थोडा उपयोग झाला. ऑक्सफर्ड नमुन्याचे प्रश्न स्वतःच प्रसिद्ध करतं. त्यातला एक असा, की मी तुमच्या भागात आले तर मला काय बघण्यासारखं वाटेल? आम्ही हल शहरात राहतो. लेकीने धडाधड सांगितलं: हंबर पूल, 1981 साली खुला झाला, मधला गाळा 1410 मीटर, तेव्हा जगातला सर्वांत लांब. मला तर उत्तर फारच आवडलं. तिच्या बाई म्हणाल्या, "हे पर्यटन खात्याचं उत्तर झालं."

मग एका रविवारी, बोचऱ्या वाऱ्यात, आम्ही मॅपलटन या किनाऱ्यावरच्या गावाला गेलो. होल्डरनेसचा हा किनारा हिमयुगात बर्फाने आणून टाकलेल्या मातीचा. समुद्र तो वर्षाला सरासरी दीडदोन मीटर खातो. गाव आणि रस्ता वाचवायला 1991 मध्ये इथे मोठाल्या दगडांचे दोन बंधारे समुद्रात काढले. वाळू त्यांच्यापाशी अडली, गाव वाचलं. पण लाटांबरोबर दक्षिणेकडे सरकणारी तीच वाळू पुढच्या कड्यांची ढाल होती. ती तुटली आणि पलीकडची शेतजमीन आणखी वेगाने ढासळू लागली. कड्याच्या काठाशी कुंपणाचे दोन खांब तारेला लोंबकळत होते. लेक बराच वेळ तिथेच उभी.

डिसेंबरमधली मुलाखत ऑनलाइन होती. ती खोलीत, मी जिन्यात (दाराला कान लावून, कबूल करते). आधी शीर्षक नसलेला एक आलेख दाखवला. तिने सुरुवातच "मला नक्की माहीत नाही" अशी केली, माझा जीव खालीवर. पण पुढे तिने अक्षांवर काय आहे, रेषा कुठे मोडते, तिथे काय घडलं असेल, असं मोठ्याने बोलत बोलत वाट काढली. मध्येच स्वतःचं चुकलेलं दुरुस्तही केलं. मुलाखत घेणाऱ्यांनाही घाई दिसली नाही.

मग मॅपलटन आलंच. त्यांनी विचारलं, पलीकडच्या शेतकऱ्याला भरपाई कोणी द्यायची? ती म्हणाली, सरकारने. बरं, मग समुद्र जिथे जिथे जमीन खातो तिथे सगळीकडेच? यावर इतकी शांतता पसरली की जिन्यात मला घड्याळ ऐकू येत होतं.

रात्री जेवताना ताटात भात तसाच, आणि हिचं चालू: "नाही गं आई, बंधाऱ्यामुळे गेलेली जमीन आणि तशीही जाणारच होती ती, हे आधी वेगळं काढायला हवं होतं. पण मोजणार कसं?" निकाल यायला अजून महिना होता.