लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर

फ्लूचा ताप उतरत आला की शाळकरी मूल अचानक पोटऱ्या दुखतात म्हणतं, टाचा न टेकवता चालतं. बहुतेकदा हा विषाणूमुळे आलेला स्नायूदाह असतो आणि आठवडाभरात आपोआप बरा होतो. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा: ही रॅब्डोमायोलिसिसची, म्हणजे स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात फुटल्याची खूण असू शकते.

फुटलेल्या स्नायूपेशींतून मायोग्लोबिन हे प्रथिन बाहेर पडतं आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाच्या बारीक नलिका तुंबवतं. तपासणीच्या पट्टीवर ‘रक्त’ दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळपास नसतात. मायोग्लोबिन काही तासांत निघूनही जातं, त्यामुळे लघवी स्वच्छ दिसली तरी रक्तातलं सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम) तपासावंच. साधारण लिटरमागे १,००० युनिटच्या वर रॅब्डोमायोलिसिसचं निदान धरतात. ५,००० ओलांडलं की मूत्रपिंडाची चिंता वाढते. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी), पोटॅशियम आणि ईसीजी.

उपचार म्हणजे सलाईन, तेही लवकर. सुरुवातीला बहुधा किलोमागे २० मिली नॉर्मल सलाईन, नंतर लघवीच्या प्रमाणावर नजर ठेवून. पोटॅशियम असलेलं सलाईन टाळतात. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम आधीच रक्तात आलेलं असतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. कॅल्शियम कमी दिसलं तरी लक्षणांशिवाय भरून काढायची घाई नको, ते पुढे स्नायूंतून परत येऊन वाढतं.

पाय दुखतात म्हणून आयबुप्रोफेन देणं ही घरोघरची (आणि टाळण्याजोगी) चूक. वजनानुसार पॅरासिटामॉल पुरतं.

असं दुसऱ्यांदा झालं, किंवा लहानग्याचं सीके तापात लाखावर गेलं, तर सीपीटी-२ किंवा एलपीआयएन१ यांसारख्या, शरीरातल्या चरबीच्या वापराशी संबंधित जनुकांतला दोष शोधायलाच हवा.