बाराव्या हिश्शाची होंडा

आजचा रविवार सगळा होंडा सीबी ७५० मोटारसायकलच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या किटमध्ये गेला, मूळ गाडीच्या १/१२ आकाराचं. १९६९ ची गाडी, आडवं चार सिलिंडरचं इंजिन, पुढं डिस्क ब्रेक. त्या काळात हे अप्रूपच!

सगळ्यात वेळ घेतला क्रोमच्या सायलेन्सरांनी. किटचं सिमेंट, म्हणजे गोंद, प्लॅस्टिक विरघळवून जोड धरतं, क्रोमवर धरत नाही. म्हणून जोडाच्या कडेचं क्रोम आधी ब्लेडनं खरवडायचं, मगच चिकटवायचं.

बाबांची हयात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फौंड्रीत गेली. इंजिनाच्या फिन्स (बाहेरच्या पातळ पट्ट्या) निरखत म्हणाले, "घासताना जपून रे, वारं हितनंच लागतंय इंजिनाला." एअरकूल्ड आहे हे नुसत्या प्लॅस्टिकवरनं ओळखलं! लई भारी वाटलं. इंजिनाचा रंग आता त्यांनाच विचारून. ताज्या ॲल्युमिनियम कास्टिंगचा रंग आमच्या घरात त्यांच्याइतका कुणी बघितलाय?