तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द डार्क नाइट’ खरोखरच इतका चांगला आहे का?

मी चित्रपटांवर लिहितो हे कळले की समोरचा माणूस फार वेळ न दवडता एक प्रश्न विचारतो, आणि गेली काही वर्षे तो जवळजवळ ठरलेलाच आहे: ‘द डार्क नाइट’ला लोक एवढे डोक्यावर घेतात, तो खरोखरच इतका चांगला आहे का? विचारणाऱ्याने आपले उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते आणि माझ्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो. तो मला देता येत नाही. माझ्या मते या चित्रपटाचे बळ आणि त्याची खोट या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून आल्या आहेत, आणि ती सवय म्हणजे हातातला प्रसंग पुरा होण्याआधीच तो तोडून पुढच्या प्रसंगात शिरणे.

मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या बॅटमॅनवरचा, क्रिस्टोफर नोलनने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००८ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी १५२ मिनिटे आहे, पण पाहताना ती जाणवत नाही. याचे कारण शोधायचे तर गुंडांच्या बैठकीचा सुरुवातीचाच प्रसंग बारकाईने पाहावा. बोलावणे नसताना चित्रपटाचा खलनायक, विदूषकासारखा चेहरा रंगवलेला जोकर तिथे येतो, टेबलावर एक पेन्सिल उभी रोवतो आणि ही पेन्सिल मी गायब करून दाखवतो असे सांगतो. त्याला हाकलायला एक धटिंगण पुढे येतो, जोकर त्याचे डोके धरून टेबलावर आपटतो, आणि पुढच्या क्षणी टेबलावर पेन्सिल नसते. रक्ताचा थेंब नाही, जखम नाही, किंचाळी नाही. पेन्सिल गेली कुठे हे प्रेक्षकाने स्वतःच्या मनात पाहायचे असते, आणि ते त्याने पाहिलेले असते म्हणूनच पुढचे दोन तास जोकर पडद्यावर आला की तो अंग चोरून बसतो. न दाखवण्यातून एवढी दहशत निर्माण करणे हे मोठ्या खर्चाच्या मारधाडपटांना क्वचितच साधते.

आता हीच सवय नडते कशी ते पाहा. सरकारी वकील हार्वी डेंटच्या शोधात जोकर आपली टोळी घेऊन ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या बॅटमॅनच्याच, उंच इमारतीतल्या मेजवानीत घुसतो. तिथे झटापट होते, ब्रूसची बालमैत्रीण आणि आता हार्वीची प्रेयसी असलेल्या रेचलला जोकर खिडकीतून खाली सोडून देतो, बॅटमॅन तिच्यामागे उडी घेतो आणि दोघेही एका मोटारीच्या टपावर आदळतात. ती हार्वीविषयी विचारते, तो सुखरूप असल्याचे बॅटमॅन सांगतो, आणि प्रसंग तिथेच संपतो. पण वर दिवाणखान्यात बंदूकधारी टोळी तशीच उभी आहे, पाहुणे ओलीस आहेत, ज्याला शोधायला ती आली तो हार्वी त्याच घरात लपवलेला आहे, आणि त्यांना अडवू शकणारा एकमेव माणूस आता खाली रस्त्यावर आहे. पुढे काय झाले? चित्रपट त्याविषयी अवाक्षरही काढत नाही. पहिल्यांदा पाहताना हे माझ्याही लक्षात आले नव्हते, इतक्या वेगाने मला पुढे ओढून नेले गेले होते. लक्षात आल्यापासून मात्र त्या प्रसंगाशी माझे जमलेले नाही.

या सवयीचा सर्वांत उत्तम वापर रेचलच्या मृत्यूत झाला आहे. जोकरने तिला आणि हार्वीला दोन वेगवेगळ्या ठिकाणी स्फोटकांच्या सान्निध्यात बांधून ठेवले आहे, आणि एकमेकांचा आवाज ऐकू येईल अशी सोयही केली आहे. पत्ते सांगताना त्याने अदलाबदल केली असल्यामुळे बॅटमॅन रेचलला वाचवायला निघतो आणि पोहोचतो तो हार्वीपाशी. शेवटच्या क्षणी रेचल हार्वीची समजूत घालत असते, एक वाक्य सुरू करते, आणि स्फोट तिला त्या वाक्याच्या मध्येच गाठतो. मरणाऱ्या पात्राला मनातले सगळे बोलू देण्याची उदारता चित्रपट नेहमीच दाखवतात. इथे वाक्य अर्धवटच राहते. माझ्या लेखी संपूर्ण चित्रपटातली ही सर्वांत धीट काटछाट आहे, मग रेचल या पात्राच्या वाट्याला एरवी दोन पुरुषांमध्ये निवड करण्यापलीकडे फारसे काही आलेले नाही हे कितीही खरे असले तरी.

चित्रपट एकदाच खऱ्या अर्थाने थांबतो, तो चौकशीच्या खोलीत. दिवे लागतात, खोली पांढऱ्या उजेडाने भरते आणि जोकरच्या पाठीमागे बॅटमॅन उभा असलेला दिसतो. काळोखात वावरणाऱ्या नायकाला असे उघड्या प्रकाशात आणून ठेवले की तो पोशाख घातलेला एक दमलेला माणूस वाटू लागतो. तो जोकरला मारतो, पुन्हा मारतो, आणि जोकर हसतो, कारण ज्याला कशाचीच भीती नाही त्याच्यापुढे हे बळ फुकट आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. अतिमानवी किंवा निदान असामान्य ताकदीच्या नायकाची गोष्ट सांगताना त्या ताकदीने काय होत नाही हे दाखवणे फार महत्त्वाचे असते, आणि इथे ते केवळ एक टेबल आणि दोन माणसे यांच्या आधारावर दाखवले आहे. हीथ लेजरला जोकरच्या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळाले. ते सहानुभूतीपोटी दिले असे म्हणणाऱ्यांनी हा एक प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि केवळ त्याच्या जिभेकडे व मानेकडे लक्ष ठेवावे.

मारधाडीविषयी मात्र माझे मत बरेच प्रतिकूल आहे. शिकागोच्या रस्त्यावर अठरा चाकांचा ट्रक खरोखरच उभा उलटवण्यात आला. त्यासाठी त्याच्या तळाशी एक शक्तिशाली दट्ट्या बसवला होता. त्या ट्रकचे वजन पडद्यावर जाणवते, आणि संगणकावर रचलेल्या कोसळत्या शहरांतून ते जाणवत नाही. पण त्याच्या आधीचा भुयारी रस्त्यावरचा पाठलाग नीट पाहिला तर कोणती गाडी कोणाच्या पुढे आहे आणि धडक कोणत्या बाजूने बसली याचा उलगडा मला दोनदा पाहूनही धडपणे झाला नाही. हातघाईची दृश्येही इतक्या जवळून आणि इतक्या तुकड्यांत चित्रित केली आहेत की ठोसा लागल्याचे आवाजावरूनच कळावे. शेवटी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत विदूषकाचे मुखवटे घातलेले लोक ओलीस आहेत आणि डॉक्टरांच्या वेशातले लोक गुंड आहेत, ही कल्पना फार सुरेख आहे. पण बॅटमॅनच्या डोळ्यांवरच्या, प्रतिध्वनींवरून चित्र रचणाऱ्या निळसर ध्वनिदृष्टीतून ते सगळे दाखवण्याच्या हौसेपायी तिचा निम्मा मजा वाया गेला आहे.

हार्वी डेंटचे अधःपतन हाच या कथेचा कणा आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला आहे. त्याच्या नाण्याला दोन्ही बाजूंना छापच असतो, म्हणजे नशिबावर सोडल्याचा आव आणून तो निर्णय स्वतःच घेत असतो. स्फोटात नाण्याची एक बाजू काळवंडते आणि तेव्हापासून तो खरोखरच नशिबाच्या हवाली होतो. एवढा अर्थ एका नाण्यात भरणाऱ्या लेखकांनी रुग्णालयातल्या एका संभाषणात त्याचे मन पालटून टाकावे, आणि तेही ज्याने रेचलला मारले त्याच जोकरच्या बोलण्याने, हे मला आजवर पटलेले नाही. आपण काही बेत आखत नाही असे जोकर तिथे म्हणतो. ज्याचा प्रत्येक डाव मिनिटाच्या हिशेबाने आखलेला आपण पाहत आलो, त्याच्या तोंडी हे वाक्य म्हणजे थापच आहे, पण हार्वीला ती कळत नाही आणि घाईत असलेल्या प्रेक्षकालाही कळू नये अशी चित्रपटाची इच्छा दिसते.

बॅटमॅनच्या त्या खरखरीत आवाजाविषयीही लोक हटकून विचारतात. दोन-चार शब्दांची धमकी देण्यापुरता तो आवाज ठीक आहे. शेवटी हार्वीचे गुन्हे स्वतःच्या माथी घेण्याचा निर्णय मात्र त्याला त्याच आवाजात सविस्तर समजावून सांगावा लागतो, आणि ख्रिश्चन बेलसारख्या नटाचा चेहरा मुखवट्यात व कंठ घोगरेपणात अडकल्याचे पाहून मला त्याची दया येते. त्यानंतर बॅटमॅनचा साथीदार पोलीस अधिकारी गॉर्डन आपल्या मुलाला दोन शब्द सांगतो, मागे कुत्री लागलेला बॅटमॅन मोटारसायकलवरून उजेडाच्या दिशेने निघतो आणि तो पुरता दिसेनासा होण्याआधीच पडदा काळा होऊन चित्रपटाचे नाव झळकते. तिथे मी दर वेळी पुन्हा फसतो.