जाळी कुठाय?

"अरे, जाळी कुठाय?" आई चष्मा कपाळावर सरकवून फोनवर वाकली.

आज दुपारच्या चहाला भाच्याचा हॅम्बुर्गहून व्हिडिओ कॉल आला. हागेनबेक प्राणिसंग्रहालयातून. पलीकडे खडकावर सिंह लोळतोय, अलीकडे पोरं आइस्क्रीम खातायत. मधे काहीच नाही!

"आजी, मधे खंदक आहे. असा लपवलाय की दिसत नाही."

मग त्याने सगळा इतिहास ऐकवला. १८४८ मध्ये गोटफ्रीड हागेनबेक नावाच्या मासेविक्रेत्याने टबात सील ठेवून पैसे घेऊन दाखवले. त्याचा मुलगा कार्ल याने १९०७ मध्ये लोखंडी गजांऐवजी खंदकांचं हे प्राणिसंग्रहालय उघडलं. (माशांच्या धंद्यातून सिंहापर्यंत! आपल्याकडे तिसऱ्या पिढीत दुकानाच्या वाटण्या होतात.)

आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे जाळी आहेच की. आपल्याला दिसत नाही एवढंच."

मी हसलो. विषय संपला.

संध्याकाळी निफाडला मामाच्या वस्तीवर गेलो. ओट्याला तिन्ही बाजूंनी नवी लोखंडी जाळी. गोठ्यालाही. आजूबाजूला ऊसच ऊस, आणि बिबट्याची मादी पिल्लं घालते ती उसातच. जंगल तिला माहीतही नसेल. दिवस मावळला तशी मामी पोरांवर ओरडली, "आत या रे!" आणि कडी घातली.

आम्ही आत. बाहेर ऊस सळसळतोय.

आई बराच वेळ जाळीला बोटं लावून अंधारात बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "तिकीट कोण काढतं रे आपलं?"